उद्या पाणी येणार नाही

"मी हल्ली फेसबुक बघतच नाही," असं सांगणाऱ्या माणसाला आपल्या मागच्या गुरुवारच्या पोस्टमध्ये ऱ्हस्व-दीर्घाच्या किती चुका होत्या, हे नेमकं ठाऊक असतं. हाच माणूस पूर्वी "आम्ही घरात टीव्हीच ठेवला नाही" म्हणायचा आणि शेजारी बसून अख्खी मालिका बघून यायचा. समाजमाध्यमांचा आता काही उपयोग उरलेला नाही, यावर महाराष्ट्रात दुर्मीळ असं एकमत झालेलं आहे. पुणेकर, मुंबईकर, नागपूरकर, पोह्यांत बटाटा घालणारे आणि बटाट्याचं नाव काढलं तरी नाक मुरडणारे, सगळ्यांना ते मान्य आहे. मान्य असल्याचं ते सगळे तिथेच लिहितात आणि खाली किती जणांना पटलं ते दर दहा मिनिटांनी बघतात.

तसं पाहिलं तर या गोष्टी उपयोगासाठी सुरू झाल्याच नव्हत्या. २००४च्या जानेवारीत ऑर्कुट आलं. गूगलमधल्या ऑर्कुट नावाच्या एका तुर्की अभियंत्याने ते बनवलं आणि त्याचंच नाव त्याला मिळालं. तिकडे ब्राझीलने आणि इकडे आपल्या कॉलेजच्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं. सुरुवातीला निमंत्रणाशिवाय आत शिरता येत नसे; त्यामुळे ज्याच्याकडे निमंत्रणं शिल्लक आहेत, त्या मुलाला हॉस्टेलवर फुकट चहा मिळे. तिथे मित्राला 'स्क्रॅप' टाकायचा, त्याच्याबद्दल 'टेस्टिमोनियल' लिहायचं, आणि आपण किती 'कूल' आहोत ते बर्फाच्या खड्यांत मोजून घ्यायचं. आपल्या पानावर कोण डोकावून गेलं हेही दिसायचं, त्यामुळे कित्येक प्रेमप्रकरणं उगवण्याआधीच खुडली गेली. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं. तोवर त्याचा उपयोग काय, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आपल्याच भिंतीकडे बघत बसलेला माणूस उपयोगाचा विचार करत नसतो.

मग फेसबुक. हार्वर्डच्या पोरांसाठी निघालेलं ते दुकान २००६च्या सप्टेंबरात तेरा वर्षांवरच्या सर्वांना खुलं झालं. आधी मुलं आली. मुलांवर लक्ष ठेवायला आईबाप आले. आईबापांना त्यांचे शाळेतले वर्गमित्र सापडले, आणि मुलांवर लक्ष ठेवायचं राहूनच गेलं. ही संधी साधून मुलं इन्स्टाग्रामवर निघून गेली. ते फेसबुकने २०१२मध्येच एक अब्ज डॉलरला घेऊन ठेवलेलं होतं, म्हणजे घर सोडून पळालेली मुलं राहायला गेली ती त्याच घरमालकाच्या दुसऱ्या बिल्डिंगमध्ये. रॉबिन डनबर नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं म्हणणं असं की, माणसाला साधारण दीडशेच माणसांशी खरं नातं ठेवता येतं. फेसबुक पाच हजार मित्रांची परवानगी देतं. डनबरसाहेबांनी कोकणातलं लग्न पाहिलेलं नसावं, एवढीच माझी शंका आहे. माझ्या आत्याला दीडशे माणसं नुसती नवऱ्यामुलाच्या आजोळची पाठ असतात, प्रत्येकाच्या शुगरच्या आकड्यासकट.

पण उपयोगाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

आमची सोसायटी डोंबिवलीत, चार मजल्यांची, जुनी. ग्रुपवर बिऱ्हाडांच्या दुप्पट माणसं आहेत. फ्लॅट विकून बदलापूरला गेलेले एक काका अजून ग्रुप सोडत नाहीत. पार्किंगचं भांडण अर्धवट टाकून जाणं त्यांच्या जिवावर येतं. भाड्याने राहून गेलेले दोन मुलगे आहेत, त्यातला एक आता हैदराबादहून आमच्या लिफ्टबद्दल मत देतो. एक नंबर कुणाचा आहे हे कुणालाच माहीत नाही. तो रोज सकाळी सहा वाजता सूर्योदयाचं चित्र टाकतो, आणि इतक्या नेमाने टाकतो की त्याला काढून टाकायचं धैर्य कुणाला होत नाही. मध्यंतरी एकदा तो टाकायचा राहिला, तर दोघांनी "सर्व ठीक ना?" म्हणून चौकशी केली.

ही सकाळची चित्रं म्हणजे किरकोळ बाब समजू नका. २०१८च्या सुरुवातीला बातमी आली होती की भारतातल्या लोकांचे फोन सारखे भरून का जातात, याचा गूगलच्या लोकांनी छडा लावला, तेव्हा त्यांना फोनांच्या तळाशी 'गुड मॉर्निंग'चे ढीग सापडले. गुलाब, कपबशी, दवबिंदू, कुठल्या तरी बाळाचं हसू. ती चित्रं ओळखून पुसून टाकायची सोय मग त्यांनी आपल्या एका अ‍ॅपमध्ये केली. "तू तिकडे अमेरिकेत नक्की काम काय करतोस रे?" असं एखाद्या आईने विचारलं असेल आणि "तू पाठवतेस ते पुसायचं" असं उत्तर तिला मिळालं असेल, अशी मला दाट शंका आहे.

ग्रुपचा अ‍ॅडमिन हा एक स्वतंत्र विषय आहे. सेक्रेटरीला निदान निवडणूक लागते, उपनिबंधकांच्या नोटिशीची धास्ती असते. अ‍ॅडमिन स्वयंभू असतो. कधीकाळी त्याने ग्रुप काढला एवढंच त्याचं कर्तृत्व, आणि त्या जोरावर तो "वादविवाद टाळावेत" असं बजावत हिंडतो. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१च्या मार्चमध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं की, सभासदाने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून केवळ अ‍ॅडमिन असल्याच्या कारणाने कुणाला जबाबदार धरता येणार नाही. माणूस आत घेणं आणि बाहेर काढणं यापलीकडे त्याच्या हातात काही नसतं. ही बातमी आमच्याच ग्रुपवर आली. अ‍ॅडमिनच्या डोक्यावरचा भार उतरला, पण रुबाबही त्याच्याबरोबर उतरला. त्या दिवसापासून बदलापूरचे काका त्याला जुमानत नाहीत.

तर या ग्रुपवर दिवसभर सूर्योदय, हळदीचे फायदे, हरवलेल्या मुलाचा फोटो (तो मुलगा एव्हाना इंजिनीअर झाला असेल), कुणाची तरी चप्पल आणि कुणाचा तरी कुत्रा, असा प्रवाह चालू असतो. त्यात दुपारी कधीतरी सेक्रेटरी काकांचा संदेश येतो: "उद्या शुक्रवारी टाकी साफ करायची असल्याने सकाळी ९ ते २ पाणी येणार नाही. कृ. नोंद घ्यावी." चित्र नाही, कविता नाही, जोडलेले हात नाहीत. मला विचाराल तर समाजमाध्यमांनी मराठीला दिलेला सर्वांत मोलाचा वाङ्मयप्रकार हाच. बराच काळ हा प्रवाह पाहून माझं असं मत झालेलं आहे की संदेश जितका रटाळ, तितका कामाचा. ज्यात काही म्हणजे काही विशेष नाही, तो वाचून माणूस उठतो आणि बादल्या भरतो. ज्यात जीवनाचं सार आहे, तो वाचून माणूस पुढे पाठवतो.

आणि जीवनाच्या साराचं उत्पादन केवढं! पु. ल. देशपांडे गेले १२ जून २००० रोजी, व. पु. काळे त्याच्या पुढच्या वर्षी, आणि व्हॉट्सअ‍ॅप निघालं २००९ साली. तरी पुलंचं खरं लेखन या शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांतच बहरलं आहे, असं आमच्या ग्रुपवरून वाटावं. वपुंचं तर विचारूच नका. पाऊस, छत्री, नातं आणि शेवटी तीन टिंबं असलेलं कुठलंही वाक्य परस्पर त्यांच्या खात्यात जमा होतं. एकच सुविचार मला सकाळी कुसुमाग्रजांच्या नावाने, दुपारी चाणक्याच्या आणि रात्री एका पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने आलेला आहे. ज्याने तो खरोखर लिहिला तो बिचारा कुठेतरी तोच सुविचार वाचून "वा, काय लिहिलंय" म्हणून पुढे पाठवत असेल. युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात पहिला नंबर दिल्याची थाप तर व्हॉट्सअ‍ॅपपेक्षाही वयाने मोठी. ती ई-मेलच्या जमान्यापासून फिरते आहे. दर पंधरा ऑगस्टला न्हाऊनमाखून पुन्हा दारात उभी. तिचं खंडन करणारा माणूसही दर वर्षी तोच असतो, आणि त्याला देशद्रोही म्हणणाराही.

माझं मत आणखी पक्कं झालं ते लोकलमध्ये. एम-इंडिकेटर हे अ‍ॅप आम्ही वापरतो गाड्यांच्या वेळा बघायला, पण त्यात प्रवाशांच्या गप्पांची एक जागा आहे. तिथे कुणी कुणाचा मित्र नाही, कुणाचा फोटो नाही, कुणाला वाढदिवस नाहीत. "फास्ट ठाकुर्लीजवळ उभी आहे, स्लो पकडा." बस्स. हा परमेश्वर कोण, त्याने ही माहिती आपल्याला का दिली, काही कळत नाही. दोन माणसं त्याला "धन्यवाद भाऊ" म्हणतात, तिसरा रेल्वेला शिव्या घालतो, आणि सगळे आपापल्या दिशेने लटकून जातात. जगात समाजमाध्यम म्हणून जे काही असायला हवं होतं, ते मला एवढंच वाटतं.

उलट प्रकार बघायचा असेल तर रील बघा. टिकटॉकवर भारतात २९ जून २०२० रोजी बंदी आली आणि पाठोपाठ इन्स्टाग्रामने रील आणले. त्या एका पावसाळ्यात खेड्यापाड्यांतल्या कितीतरी नटनट्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं. यांतला सगळ्यात फोफावलेला प्रकार मिसळीचा. तरुण मुलगा कॅमेऱ्याकडे बघत तर्रीत पाव बुडवतो, डोळे मिटतो, मान हलवतो, "भावांनो, विषयच हार्ड" म्हणतो. तर्री हळूहळू वरून ओतली जाते, मागे ढोल-ताशा वाजतो. हे पाहून आम्ही रविवारी दीड तास गाडी हाकत गेलो. तिथे आमच्यासारखीच साठ-सत्तर माणसं आधी येऊन एका बंद शटरसमोर उभी होती. मिसळ अकरालाच संपते, हे रीलमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? "मिसळ अकराला संपते" या वाक्याला ढोल-ताशा लावता येत नाही. ही माहिती शेवटी आम्हाला शटरवर खडूने लिहिलेली आढळली.

लिंक्डइनबद्दल थोडक्यातच, कारण तिथे मला सगळ्यांत जास्त भीती वाटते. मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुलाच्या कौतुकाबद्दल कंजूष. पोरगा आयआयटीत असला तरी "चाललंय काहीतरी त्याचं पवईला" एवढंच बाप सांगणार. तोच पोरगा लिंक्डइनवर सहाय्यक व्यवस्थापकाचा वरिष्ठ सहाय्यक व्यवस्थापक झाल्यावर "हे जाहीर करताना मी नम्र झालो आहे" असं लिहितो, आईवडिलांसह सत्तावीस जणांचे आभार मानतो आणि बढतीतून शिकलेले पाच धडे देतो. बाप ते वाचतो, चष्मा पुसतो आणि "पगार किती वाढला ते नाही लिहिलं," असं म्हणतो. कामाचं तेवढंच होतं.

रटाळपणाची खरी परीक्षा २०२१च्या एप्रिल-मेमध्ये झाली. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात, खाट मिळत नाही, ऑक्सिजन मिळत नाही, रेमडेसिविरसाठी माणसं या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात पळताहेत. त्या दिवसांत ट्विटरवर आणि ग्रुपवर लोक जे लिहीत होते त्याला कसलंही सौंदर्य नव्हतं. अमुक रुग्णालय, साध्या खाटा दोन, व्हेंटिलेटर नाही, सकाळी अकराला फोन करून खात्री केली. या 'खात्री केली'साठी अनोळखी मुलं-मुली रात्रभर नंबर फिरवत बसलेली असायची. जागा भरली की तेही लिहायची, म्हणजे पुढच्याची खेप वाचेल. त्याच वेळी काढ्याचे आणि वाफेचे संदेशही येत होते, सुंदर सजवलेले.

आणि याच्या उलट टोकाला राईनपाडा आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे गाव. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा फोनवरून फिरत होत्या, आणि १ जुलै २०१८ला आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागायला आलेली पाच माणसं जमावाने ठेचून मारली. अशा घटना त्या वर्षी देशात इतरत्रही घडल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असं बंधन आणायचं जाहीर केलं. त्या अफवांचे संदेश कुणालाही रटाळ वाटले नसणार.

२०२०च्या एप्रिलपासून फार फिरून आलेला संदेश एका वेळी एकालाच पाठवता येतो. आमच्या मामांना त्याने काही फरक पडलेला नाही. ते निवृत्त आहेत. ते एकेकाला पाठवतात.

मामा आमच्या कुटुंबाच्या ग्रुपचा कणा. या ग्रुपचा उपयोग काय, असं विचारणं म्हणजे गौरी-गणपतीचा उपयोग काय असं विचारण्यासारखं. तिथे हजेरी महत्त्वाची. सकाळी कुणीतरी चुलत आजेसासूबाई गेल्याचं कळवतं, तेवढ्यात दुसरीकडून भाचीचा बारावीचा निकाल येतो. मग दुपारभर श्रद्धांजली आणि अभिनंदन एकमेकांत मिसळून वाहतात, आणि ज्यांना कशाला काय लिहावं सुचत नाही ते दोन्हीकडे चालतील असे हात जोडून मोकळे होतात. संध्याकाळी भाचीला "देव तुला शक्ती देवो" असा संदेश मिळालेला असतो. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचा घोळ पाहता तो चुकीचा होता असं म्हणवत नाही.

हा ग्रुप सोडता येत नाही. पूर्वी कुणी सोडला की सगळ्यांना दिसेल असं जाहीर व्हायचं, आणि त्या एका ओळीवरून दिवाळीचा फराळ बंद झालेली घरं मला माहीत आहेत. २०२२च्या ऑगस्टात गुपचूप बाहेर पडायची सोय झाली; आता ते फक्त अ‍ॅडमिनला कळतं. ही सोय ज्यांनी केली त्यांच्या घरचा अ‍ॅडमिन त्यांची थोरली काकू नसणार. तेव्हा लोक दुसरा मार्ग धरतात, ग्रुप मुका करून ठेवतात. आधी जास्तीत जास्त वर्षभर मुका ठेवता यायचा, २०२०मध्ये 'कायमचा' हा पर्याय आला. माझा असा अंदाज आहे की आमच्या घराण्यात आता सगळेच एकमेकांना कायमचे मुके करून बसलेले आहेत, आणि मामा एकटेच बोलताहेत. पण मामांच्या पायाचं हाड मोडलं, तेव्हा ते ग्रुपवर आलं आणि दीड तासात सात माणसं दवाखान्यात हजर होती. "माझा फोन मुका होता" म्हणणारा एकही निघाला नाही.

परदेशी राहणाऱ्यांचं वेगळं. पूर्वी तिकडे फोन करायचा म्हणजे एसटीडी बूथच्या काचेतून पळणारा आकडा बघत तीन वाक्यांत सगळं उरकायचं. आता न्यू जर्सीहून रोज व्हिडिओ कॉल. फरक असा की शेजारच्या आजी अजूनही फोन आला की तो कानालाच लावतात, त्यामुळे त्यांच्या मुलाला गेली काही वर्षं आईचा उजवा कान दिसतो. तोही काही म्हणत नाही. कानातली कुडी बदललेली दिसली की "नवीन केलीस का?" असं विचारतो, आणि आजी खूश होतात. बोलणं काय होतं? काय जेवलास, थंडी आहे का, कपडे आणलेस का दोरीवरचे. हे इतकं सामान्य बोलणं पूर्वी मिनिटाला पैसे पडत म्हणून परवडतच नव्हतं.

सोसायटीचं मात्र पुढे रामायण झालं. टाकी साफ करण्याच्या त्या संदेशावर सूर्योदय, हळद आणि एक वादग्रस्त व्यंगचित्र येऊन पडलं, तो वर सरकून गेला, आणि शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत अडकले. सर्वसाधारण सभा भरली. "फक्त महत्त्वाच्या सूचना" असा दुसरा ग्रुप काढायचा ठराव झाला, ज्यात अ‍ॅडमिनशिवाय कुणाला लिहिताच येणार नाही. बदलापूरच्या काकांनी फोनवरून निषेध नोंदवला.

नवा ग्रुप फार सुंदर चालला. पहिली सूचना आली: मंगळवारी वीज मंडळ दुरुस्तीसाठी दहा ते बारा वीज बंद ठेवणार आहे. खाली कुणाचा अंगठा नाही, हात नाहीत, काही नाही. सेक्रेटरी काका समाधानाने जेवायला बसले. साडेनऊला बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात. "संदेश मिळाला हं," त्या म्हणाल्या, "तिथे लिहिता येत नाही ना, म्हणून म्हटलं सांगून यावं." त्या बसल्या. मग जोशीकाका आले, त्यांनाही मिळाला होता. मग लिफ्टबद्दल बोलायला दोघं. सेक्रेटरी काकूंनी चहा टाकला, दूध संपलं म्हणून कुणीतरी वरून आणलं. अकराच्या सुमारास सेक्रेटरी काकांनी हळूच मोबाईल काढला आणि सर्वांना लिहिण्याची परवानगी पुन्हा देऊन टाकली. सकाळी सहाला सूर्य उगवला.